तणनाशकाचे दावे : कागद कुणाजवळ आहे?



ऊसनोंदीच्या निमित्ताने एका गट ऑफिसात चार-पाच सभासद बसले होते. आम्हीही तेथे होतो. त्यातल्या एकाने विषय काढला, "तिकडं अमेरिकेत तणनाशक मारून एकाला कॅन्सर झाला, तर कंपनीला दोन हजार कोटी भरायला लावलं म्हणं. आपण तर वीस वर्सं मारतोय. आपल्याला काय मिळंल?" सगळे हसले. हसणे ओसरल्यावर कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "आमच्या वाटेकऱ्याच्या मानंला गाठ आलीया. तपासायला दिलंय. त्यो बी वीस वर्सं पंपच मारत आलाय." त्यावर मात्र कोणी हसले नाही.

त्या दिवशी या दोन्ही बोलण्यांना नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आज लिहीत आहोत.

प्रथम त्या दोन हजार कोटींचे. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. कॅलिफोर्नियातील एका शाळा-विभागात मैदाने व आवार राखणारा एक माणूस वर्षातून वीस-तीस वेळा ग्लायफोसेट फवारत असे. आपल्याकडे बांधावर मारतात तेच औषध. एकदा फवाऱ्याची नळी निसटली आणि तो अंगभर भिजला. पुढे त्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला. त्याने मोन्सँटो कंपनीवर दावा लावला. ऑगस्ट २०१८ मध्ये सॅनफ्रान्सिस्को येथे ज्यूरीने, म्हणजे न्यायालयात बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या पंचांनी, त्याला २८.९ कोटी डॉलर द्यावेत असा कौल दिला. त्या वेळच्या भावाने दोन हजार कोटी रुपये. हाच आकडा आपल्या गावापर्यंत पोचला. पण दोनच महिन्यांत न्यायाधीशांनी तो ७.८ कोटी डॉलरवर आणला आणि जुलै २०२० मध्ये अपील न्यायालयाने २.०५ कोटींवर. दीडशे कोटी रुपये हीही लहान रक्कम नव्हे, हे खरे. पण पहिला आकडा मोठ्या अक्षरात छापतात आणि नंतरचे आतल्या पानात जातात, हे आपल्याला ऊसदराच्या बातम्यांवरून ठाऊक असायला हवे.

मोन्सँटो ही कंपनी जून २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने विकत घेतली होती. बायरने जून २०२० मध्ये अशा हजारो दाव्यांच्या तडजोडीसाठी १०.९ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे जाहीर केले. चूक मात्र कबूल केली नाही. त्यानंतरचे कित्येक खटले कंपनीने जिंकलेही. डब्यावर कर्करोगाचा इशारा छापायला हवा होता की नाही, हा वाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता विज्ञान काय म्हणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात घातले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्यापासून कर्करोगाचा संभव दिसत नाही असे म्हटले. पण २०२२ साली तेथील अपील न्यायालयाने त्या खात्याचा मानवी आरोग्याविषयीचा निष्कर्ष पुरेशा आधाराचा नाही म्हणून रद्द केला. युरोपने मात्र २०२३ साली हेच औषध आणखी दहा वर्षे चालू ठेवले. 'बहुधा' या वर्गात तांबडे मांसही बसते, तेव्हा नुसत्या शब्दाने कोणी धास्ती घेऊ नये. ही संस्था एखादी वस्तू कर्करोग करू शकते काय एवढेच पाहते. कितीशा वापराने किती जणांना होईल, हे ती सांगत नाही.

परंतु ऊसवाल्यांनी याच संस्थेचे आणखी दोन निर्णय ध्यानात ठेवावेत. लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाफशावर आपण जे ॲट्राझीन मारतो, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने त्याच 'बहुधा' वर्गात घातले आहे. आणि रुंद पानाच्या तणासाठी जे टू-फोर-डी मारतो, ते २०१५ पासून त्याच्या खालच्या, 'शक्यता आहे' या वर्गात आहे. ग्लायफोसेटला आपल्या देशात चहामळ्यात आणि पीक नसलेल्या जागेतच परवानगी होती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज इतरांनी वापरू नये अशी अधिसूचना काढली. आपले बांध कोण फवारतो हे आपण जाणतोच.

तणनाशक बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. भांगलणीला माणूस मिळत नाही, मिळाले तर परवडत नाही, आणि हराळी-लव्हाळ्याने सरी भरली म्हणजे खोडव्याचे काय होते हे सांगायला आम्ही कशाला पाहिजे? आमचे म्हणणे निराळे आहे. दावा औषधाच्या जहालपणावर जिंकला जात नाही, कागदावर जिंकला जातो. आणि आपल्याकडे जो माणूस पंप पाठीवर घेतो, त्याच्याजवळ एकही कागद नसतो.

त्या अमेरिकन कामगाराचेच पाहा. तो कोणत्या तारखेला, किती आणि कोणते औषध फवारतो हे त्याचे कामच होते, खात्याची नोकरी होती. अंगावर चट्टे उठले तेव्हा त्याने कंपनीला फोन करून विचारले होते, की याचा त्या औषधाशी काही संबंध आहे का? त्या फोनची नोंद कंपनीतच झाली होती आणि ती पुढे न्यायालयात आली. कंपनीच्या आतला पत्रव्यवहारही न्यायालयाने बाहेर काढायला लावला. तज्ज्ञ कोणाच्या पैशाने लिहितात, हे त्यातून लोकांना कळले. ग्लायफोसेट निर्धोक आहे असे सांगणारा २००० साली छापलेला एक गाजलेला लेख, त्याच्या लिखाणात कंपनीच्या माणसांचा हात असल्याच्या कारणावरून, त्या नियतकालिकाने २०२५ साली मागे घेतला. पंचवीस वर्षे त्याचे दाखले दिले जात होते!

दुसरी गोष्ट फ्रान्समधील एका शेतकऱ्याची आहे. ती आपल्याला अधिक जवळची, कारण तो आपल्यासारखाच स्वतःच्या शेतात स्वतः फवारणी करणारा होता. एप्रिल २००४ मध्ये मक्यावर मारायचे औषध, अलाक्लोर असलेले 'लासो', त्याने वापरले आणि फवारणी यंत्राची टाकी साफ झाली की नाही हे पाहायला झाकण उघडले. उन्हाने तापलेल्या टाकीतून वाफ थेट तोंडावर आली. माणूस इस्पितळात गेला आणि पुढे त्याला मज्जासंस्थेचे दुखणे कायमचे जडले. त्याने दावा लावला. त्याचा मुद्दा साधा होता : टाकी धुताना तोंडावर श्वसनरक्षक लावा, हे डब्यावर नीट सांगितलेले नव्हते. २०१२ साली ल्योंच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने अपील केले, २०१५ ला ती हरली. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. २०१९ ला पुन्हा हरली. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील कायमचे फेटाळले. मग नुकसानभरपाई किती? ती ठरायला डिसेंबर २०२२ उजाडला. दहा लाख युरोंहून अधिक मागणी होती. मिळाले सुमारे अकरा हजार युरो. म्हणजे नऊ-दहा लाख रुपये, अठरा वर्षांनी.

हे वाचून कोणी म्हणेल, मग कशाला पडा त्या फंदात? पण त्या माणसाने एक गोष्ट मिळवली. डब्यावरचे अक्षर अपुरे असेल तर कंपनी जबाबदार धरली जाते, हे शेवटच्या न्यायालयापर्यंत शाबीत झाले. ते औषध फ्रान्समध्ये २००७ सालीच बंद झाले होते. आपल्याकडे अलाक्लोरवर बंदी यायला २०२० चा डिसेंबर संपावा लागला. दरम्यानच्या वर्षांत ते कोणाकोणाच्या पाठीवरून गेले, त्याची यादी कोठेही नाही.

आता आपल्या राज्याकडे येऊ. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसांहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो इस्पितळात पडली. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, आणि तेथे आजार वर्षांनी नव्हे तर तासांनी दिसला. तरीही त्यातून निघालेला दावा आपण समजून घेण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये वाचलेला एक शेतकरी आणि दगावलेल्या दोघांच्या विधवा, अशा तिघांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये बासल येथे, सिंजेंटा कंपनीच्या घरी, दाद मागितली. कंपनीने आपला माल त्यास कारण असल्याचे नाकारले. वाद कशावर आला? नेमके कोणते औषध त्या दिवशी पंपात होते, यावर! यवतमाळात त्या वेळी पोलीस आले, पंचनामे झाले, रिकामे डबे आणि बिले पाहिली गेली, म्हणून निदान भांडायला काही हाती होते. वीस वर्षे हळूहळू अंगात मुरणाऱ्या आजाराचा पंचनामा करायला कोण येणार?

आमच्या गट ऑफिसातल्या त्या सभासदाला आम्ही नंतर विचारले, वाटेकरी कोणते औषध मारत होता? तो म्हणाला, "डबा हिरवा हुता, झाकण पांढरं." आणखी काही सांगता येईना. दोष त्याचा एकट्याचा नाही. आपली रीतच तशी. पाच लिटरचा कॅन दोघांत घ्यायचा, अर्धा सरबताच्या बाटलीत ओतून शेजाऱ्याला द्यायचा. बाटलीवर ना नाव, ना त्रिकोण. त्या त्रिकोणाचा रंग तांबडा, पिवळा, निळा की हिरवा यावर विष किती जहाल ते १९७१ च्या नियमांनी ठरवून दिले आहे. डब्याबरोबर माहितीपत्रक द्यावे, ते प्रादेशिक भाषेतही असावे, असेही त्याच नियमांत आहे. ते पत्रक दुकानाच्या पायरीवरच पडते. मजुरी पंपावर ठरलेली, त्यामुळे दिवसात पंप जितके जास्त तितकी मजुरी जास्त. मग वारा कुठला आहे हे बघायला थांबतो कोण? नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे. हातमोजे घातले तर बाकीचे हसतात. आणि मुळात विषाला आपण 'औषध' म्हणतो, तेव्हा भिणार तरी कशाला!

आपल्या कायद्यात दाद मागायची सोय नाही असे नाही. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मालात दोष असेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. विकत घेणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने वापरणाराही ग्राहक ठरतो. मुदत दोन वर्षांची आहे, सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो.

मात्र याच कायद्याचे सत्त्याऐंशीवे कलम प्रत्येक सभासदाने वाचावे, अशी आमची विनंती आहे. त्यात म्हटले आहे की, अपुऱ्या सूचनेच्या कारणावरून दावा असेल आणि तो माल मालकाने कामाच्या जागी वापरण्यासाठी विकत घेतलेला असेल, व उत्पादकाने त्या मालकाला सूचना दिलेल्या असतील, तर उत्पादक जबाबदार राहत नाही. शेतावर हा मालक कोण? आपणच. म्हणजे डब्यावर चार ओळी छापून कंपनी मोकळी होऊ शकते, आणि त्या चार ओळी गड्याला वाचून दाखवण्याचे ओझे आपल्या पाठीवर येते. दुसरे पोटकलम असे की, वापरणारा त्या वेळी दारूच्या अमलाखाली असेल तरीही उत्पादक सुटतो. दिवसभराच्या वासाने डोके धरले म्हणून संध्याकाळी, आणि कित्येकदा दुपारीच, घेण्याची जी सवय आहे ती कोणत्या कामाला येते हे यावरून कळावे.

सरकारी मदतीचे म्हणाल, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत औषधे हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका माणसासाठी. ज्याचे सात-बारावर नाव नाही, त्याला ती नाही. आणि हळूहळू जडणाऱ्या आजाराला तर कोणालाच नाही. पंप बहुतेक त्याच माणसाच्या पाठीवर असतो, ज्याचे नाव कोठेच नाही. ना सात-बारावर, ना दुकानाच्या पावतीवर, ना आपल्या वहीत.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक सभासदाने फवारणीची वही ठेवावी. फार काही नको. तारीख, गट नंबर, औषधाचे पूर्ण नाव, डब्यावरचा बॅच नंबर, किती पंप, फवारणाऱ्याचे नाव आणि त्या दिवशी त्याला काही त्रास झाला का, एवढेच. पक्के बिल मागून घ्यावे आणि वहीतच टाचावे. डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो आता घरोघरच्या फोनमध्ये निघतो, तो काढून ठेवावा. आणि एखाद्याला डॉक्टरकडे नेले तर केस पेपरवर 'फवारणीचे काम करतो' एवढे तीन शब्द लिहून घ्यावेत. धंदा विचारला की आपण 'मजुरी' सांगतो आणि तेथेच दुवा तुटतो.

एका जाणत्या सभासदाने आम्हाला हटकले. "तुम्ही लिवायला सांगताय, उद्या त्योच कागद आमच्या अंगावर आला म्हंजे? गडी आमच्यावरच दावा लावंल." शंका रास्त आहे. खोटे कशाला बोला, तसे होऊ शकते. पण मोजे, तोंडाला फडके आणि साबणपाणी दिल्याची नोंद ज्याच्या वहीत आहे, त्याला ती वही तारतेही. ज्याने काहीच दिले नाही त्याला वही नडेल, आणि ती नडावी असेच आम्हाला वाटते. पंधरा-वीस वर्षे आपल्या उसात राबलेला माणूस कंपनीकडे वा कोणाकडेही न्याय मागायला उभा राहिला, तर त्याला एक कागद द्यायला आपण का कचरावे? कारखान्याने वजनात मारले असे वाटले तर आपण काटापावती फडकावत गटावर येतोच ना?

आणि कारखान्याविषयीही बोलले पाहिजे, हे पत्रक कारखान्याचेच असले तरी. आपला ऊस विकास विभाग सभासदांना तणनाशके उधारीवर देतो आणि ऊसबिलातून वसूल करतो. सोय चांगली आहे. पण बिलावरील कपातीच्या रकान्यात काय लिहिलेले असते? 'खते व औषधे', आणि पुढे रक्कम. कोणते औषध, कोणत्या कंपनीचे, कोणता बॅच, काही नाही. खासगी दुकानदाराने असे बिल दिले तर आपण त्याला सोडले नसते. माल देतानाच्या पावतीवर नाव आणि बॅच नंबर आलाच पाहिजे, आणि मराठी माहितीपत्रक सभासदाच्या हातात देऊन सही घेतली पाहिजे. शेतकी विभागातील मंडळींना काम वाढते हे आम्हाला मान्य आहे. चिटबॉयला लागण नोंदवताना चार रकाने भरता येतात, तर पाचवाही भरता येईल.

राहिला तो वाटेकरी. त्याचा तपासणी अहवाल काय येतो ते आज कोणी सांगू शकत नाही, आणि तो आजार त्या औषधानेच झाला असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, डॉक्टरलाच आहे. पण उद्या तशी वेळ आली, तर हिरव्या डब्यात काय होते हे सांगणारा एकच कागद या तालुक्यात असण्याचा संभव आहे : कारखान्याच्या गोदामातील माल-वाटपाची जुनी रजिस्टरे. कोणत्या साली कोणते तणनाशक आले आणि कोणत्या सभासदाला किती दिले, हे त्यात हाताने लिहिलेले आहे. जुन्या गोदामाची साफसफाई निघणार असून रद्दी लिलावात काढायची आहे, असे कानावर आहे. ती रजिस्टरे त्या रद्दीत जाऊ नयेत, अशी लेखी मागणी आम्ही कार्यकारी संचालकांकडे दिली आहे. ज्या सभासदांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात करावी. कागद तेथे ठेवला आहे.